रिकामं वजन

१

ब्रेकच्या विचाराने तिला रात्रभर झोप लागली नाही.

खरं तर ब्रेक उत्तम होते. तसा कागद होता, कागदावर शिक्का होता, शिक्क्यावर सही होती. पण अठरा वर्षांची मोटारहोम, आत ओटा, गॅस, संडास, कपाट, चार माणसांची झोपायची सोय, असा सगळा संसार पाठीवर घेऊन घाट उतरणार. आणि ती धडधाकट आहे हे एका माणसाने चाळीस मिनिटांत ठरवलं? चाळीस मिनिटांत तिचं साध्या चपला घ्यायचंसुद्धा ठरत नसे.

गाडीचं नाव गोगलगाय. ते लेकीने ठेवलेलं. लेक साडेचार वर्षांची. तिचं खरं नाव बालवाडीच्या दाखल्यापुरतं, घरात ती भिंगरी. कारण ती एका जागी पाच मिनिटं बसली तर थर्मामीटर शोधावा लागे.

आणि गोगलगाय घ्यायची हौस नवऱ्याची नव्हती, हिचीच होती. सकाळी दार उघडावं तर समोर तळं, पायरीवर बसून चहा, मागे मुलगी अजून पांघरुणात, हे चित्र तिने दोन वर्षं मनात जपलं होतं. नवरा तेव्हा म्हणाला होता, "तू? लिफ्टमध्ये शिरण्याआधी किती माणसांची आहे ते वाचणारी तू?"

"वाचते. आणि मग चढते," ती म्हणाली होती.

ते उत्तर तिला स्वतःलाच इतकं आवडलं की आठवड्याभरात गाडी दारात आली.

आता परवा, शुक्रवारी सकाळी निघायचं. तिला झोप नव्हती ती निम्मी भीतीने आणि निम्मी आनंदाने, आणि अंथरुणावर पडल्यावर या दोन्हींतला फरक तिला कधीच कळत नसे. भिंगरीला सर्दी झाली की हिला न्यूमोनिया दिसायचा. डॉक्टरीणबाईंनी आपल्या फाइलीच्या कोपऱ्यात 'आई काळजीखोर' असं बारीक अक्षरात लिहून ठेवलंय असा तिला दाट संशय होता. हा संशयसुद्धा त्याच रोगाचा भाग असणार, हेही तिला ठाऊक होतं.

२

बुधवारची सकाळ म्हणजे घरात नुसती जत्रा. भिंगरी स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली आपल्या बाहुल्यांना सीटबेल्ट बांधत होती. नवरा शिट्टी वाजवत दोऱ्या गुंडाळत होता. ती स्वतः वही घेऊन प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवत होती, पातेल्यांपासून पांघरुणांपर्यंत. गाडीचं एकूण वजन साडेतीन हजार किलोच्या वर जाता कामा नये. गेलं, तर उतारावर ब्रेक दगा देतात. एवढी एकच गोष्ट तिला गाड्यांमधली कळत होती आणि ती तिने घट्ट धरून ठेवली होती.

साडेतीन हजारांतून गाडीचं रिकामं वजन वजा केलं की उरेल तेवढं सामान. साधा हिशेब. तिने पासिंगचा कागद काढला. रिकामं वजन : २९९६.

मग सहज म्हणून त्याखालचा कागद पाहिला. तीन महिन्यांपूर्वीचा, ज्याच्याकडून गाडी घेतली त्या विक्रेत्याच्या वेळचा. रिकामं वजन : २९८०.

"सोळा किलो," ती म्हणाली. "तीन महिन्यांत गाडी सोळा किलोने वाढली."

"माझंही पोट सुटलंय. मलाही भंगारात काढणार का?"

"थट्टा नको रे. पासिंगला नेताना आत काय होतं?"

"काही नव्हतं. पाण्याची टाकी रिकामी, गॅसची टाकी काढलेली, डिझेल त्यांनी सांगितलं होतं तेवढंच. तूच यादी करून दिली होतीस. खूण करून परत मागितलीही होतीस."

टेबलाखालून आवाज आला, "मी सोळा किलो आहे!"

दोघांनी वाकून पाहिलं.

"डॉक्टरांनी सांगितलं," भिंगरी म्हणाली. "मी सोळा किलो आहे आणि शूर आहे."

नवऱ्याने कपाळावर हात मारला. "हीच! ही होती ना माझ्याबरोबर. वरच्या बर्थवर चढून बसली असणार. अगं, तिथे पद्धत अशी आहे, गाडी काट्यावर घेतली की तपासनीस ओरडतो, 'रिकामी?' मग मालकाने दारातून आत बघायचं, मोठ्याने 'रिकामी' म्हणायचं आणि कागदावर 'गाडीत कोणी नाही' या ओळीपुढे सही करायची."

"आणि तू बघितलंस?"

"मी फोनवर होतो," तो पडेल आवाजात म्हणाला. "न बघताच म्हणालो."

ती चिडणार होती. पण त्याआधी तिला हसू फुटलं, मग त्याला, मग काही न कळता भिंगरीलाही, आणि तिघांची हसून हसून पुरेवाट झाली. सोळा किलोंचा उलगडा सोळा किलोंच्याच पोरीने केला होता. ती हलकी होऊन पुन्हा पातेली मोजू लागली.

तेवढ्यात बाहेर अंगणात गोगलगायीची पायरी वाजली. कुंईऽऽ. दाराखालची ती लोखंडी पायरी कोणी पाय ठेवला की अशी किंचाळायची. तेल घालायचं राहून गेलं होतं.

"भिंगे, खाली उतर, पडशील," ती सवयीने खिडकीकडे तोंड करून म्हणाली.

"मी इथेच आहे," टेबलाखालून भिंगरी म्हणाली.

ऊन चढलं होतं. लोखंड तापलं की वाजतं. ते सगळ्यांनाच माहीत असतं.

३

दुपारी औषधांची पिशवी भरताना तिने फ्रिजवरचा भिंगरीच्या वजनाचा तक्ता काढला. प्रवासात डॉक्टर लागलाच तर असावा जवळ. शेवटच्या रकान्यात डॉक्टरीणबाईंचं गोल अक्षर : सोळा किलो. शेजारी तारीख, आणि टोचून घेतल्याबद्दल शौर्याचं चिकटचित्र, एक पिवळा सिंह.

तारीख तिला ओळखीची वाटली. आजच कुठेतरी पाहिली होती.

तिने पासिंगचा कागद तक्त्याशेजारी ठेवला. तीच तारीख. पासिंगवर वेळही छापलेली, सकाळी दहा चाळीस.

दहा चाळीसला भिंगरी डॉक्टरांच्या काट्यावर उभी होती. हिने स्वतः तिचे बूट काढले होते. दोघी टॅक्सीने गेल्या होत्या, कारण नवरा गाडी घेऊन पासिंगला गेला होता. एकटा. भिंगरी त्याच्याबरोबर गेली ती टायर बदलायला, त्याच्या आदल्या आठवड्यात. त्याच्या डोक्यात दोन दिवसांची सरमिसळ झाली होती, आणि तिला सुटका इतकी हवी होती की तिनेही ती पाहिली नाही.

एकच सकाळ, एकच पोर, आणि सोळा किलो दोन काट्यांवर.

नंतर आठवून तिला लाज वाटली, पण त्या क्षणी तिला भीती वाटली नाही. तिला आनंद झाला. आयुष्यभर ती जे नाही ते शोधत आली होती, आणि आज हाताला खरोखर काहीतरी लागलं होतं. तिने पूर्ण फाइल जमिनीवर पसरली.

विक्रेत्याने फाइल कौतुकाने दिली होती. "सगळे कागद आहेत, ताई. इतकी जपलेली गाडी मिळायची नाही." आधी तीन कुटुंबांनी ही गाडी वापरली होती. प्रत्येक वर्षाचा कागद होता, आणि प्रत्येकावर रिकामं वजन. तिने प्रत्येक आकड्यातून २९८० वजा करून वहीत एकाखाली एक लिहिलं.

पहिलं कुटुंब : अकरा, तेरा, पंधरा, सतरा, वीस. मग गाडी विकायला विक्रेत्याच्या आवारात : शून्य.

दुसरं कुटुंब : चौदा, सोळा, अठरा. पुन्हा आवारात : शून्य.

तिसरं कुटुंब : नऊ, बारा, चौदा, सोळा, अठरा, एकवीस, तेवीस. आवारात : शून्य.

मग आपण. सोळा.

ती त्या आकड्यांकडे पाहत बसली. गाड्यांमधलं तिला काही कळत नव्हतं. पण हे आकडे तिला कळत होते. साडेचार वर्षं ती फ्रिजसमोर उभी राहून हेच पाहत आली होती, वर्षाला दोन किलो, कधी थोडे कमी, कधी थोडे जास्त. डॉक्टरीणबाई म्हणायच्या तसं, छान चढतंय.

मग तिने सह्या पाहिल्या. 'गाडीत कोणी नाही' या ओळीपुढे आधीच्या दोन कुटुंबांच्या नुसत्या सह्या होत्या. तिसऱ्या कुटुंबात सही बाईची होती, टपोरी आणि नीटनेटकी. पहिली दोन वर्षं नुसती सही. तिसऱ्या वर्षी सहीपुढे एक शब्द : 'पाहिलं.' चौथ्या वर्षी : 'नीट पाहिलं.' पाचव्या वर्षी : 'दोनदा पाहिलं. कपाटही.' सहाव्या वर्षी अक्षर इतकं दाबून की कागदाच्या मागून बोट फिरवलं तरी लागावं : 'सगळीकडे पाहिलं.'

सातव्या वर्षी सही नव्हती. ओळ कोरी होती. फक्त सुरुवातीला शाईचा एक ठिपका, पेन टेकवून बराच वेळ कोणी नुसतं उभं राहिलं की फुटतो तसा.

४

"ओल," नवरा म्हणाला. "जुन्या गाड्यांना हेच होतं. भिंतीत लाकडाचा सांगाडा असतो, तो पाणी पितो. वर्षाला दोन किलो म्हणजे काहीच नाही. विकायच्या वेळी विक्रेता ती वाळवतो, डागडुजी करतो, वजन पुन्हा जागेवर. बघ, सगळं बसतंय."

खरंच बसत होतं. तिला राग आला तो त्याचाच. त्याचं बोलणं जितकं बसत होतं, तितकंच तिचंही बसत होतं, आणि तिच्या बोलण्याला तर तिने अजून तोंडही फोडलं नव्हतं. ती फक्त आकडे दाखवत होती.

"आपल्याकडे तीन महिन्यांत सोळा किलो पाणी प्यायली? एकदाही पाऊस नाही."

"काटा चुकला असेल."

"मग त्या काट्यावर पास झालेले ब्रेक?"

तो तिच्याकडे पाहून हसला. "म्हणजे आपण जात नाही आहोत. असंच ना?"

हेच तिला सहन होईना. आत बैठकीत भिंगरी बॅगेवर बसून अंगात पोहायचा पोशाख घालून, डोक्याला टॉवेल गुंडाळून शुक्रवारची वाट पाहत होती. आणि बाहेर तिचं स्वतःचं तळं, तिची पायरी, तिचा चहा.

"जाऊ या," ती म्हणाली. "पण उद्या परत तोलून आणू. या वेळी 'रिकामी' मी म्हणणार, आत बघून. वजन बरोबर आलं तर अख्ख्या घाटात मी एकदासुद्धा 'हळू' म्हणणार नाही."

"एकदासुद्धा?"

"एकदासुद्धा. नाही आलं, तर गाडी परत विक्रेत्याकडे."

"चल, आत्ताच जाऊ," तो म्हणाला, आणि त्याने खरोखरच किल्ली उचलली. पासिंग केंद्राला फोन केला, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी आठची वेळ मिळाली.

सामान घरीच ठेवून, टाक्या मागच्यासारख्याच रिकाम्या करून गुरुवारी निघताना भिंगरीचा उत्साह गाडीत मावत नव्हता. तिला हीच सहल वाटत होती. ड्रॉवर खडखडत होते, पडद्यांच्या कड्या वळणावर एकदम एका बाजूला धावत होत्या, गॅसच्या शेगडीचं झाकण टाळ्या वाजवत होतं. तिनेही भिंगरीबरोबर गाणं म्हटलं. काल रात्रीची ती आणि आताची ती, दोघी वेगळ्याच होत्या. उजेडात सगळंच किती सोपं होतं! ड्रायव्हरच्या डोक्यावरचा बर्थ तेवढा गप्प होता. तिथेही पडदा होता, त्यालाही कड्या होत्या. त्या वळणावर धावल्या नाहीत. दांडी गंजली असेल.

केंद्राच्या फाटकात गाडी थांबली. "गाडीतून उतरलं की आधी काय?" तिने विचारलं.

"आधी हात!" भिंगरी ओरडली. हा घरातला कडक कायदा होता. जिथे गाड्या मागेपुढे होतात तिथे उतरलेल्या माणसाने आधी आईचा हात धरायचा, हात धरल्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही. कायदा सगळ्यांना लागू होता. भिंगरी नवऱ्यालाही हात धरायला लावायची.

५

तपासनीस पन्नाशीचा, कानावर पेन्सिल, हातात छोटी हातोडी. जुनी मोटारहोम आली की तो म्हणे आधी तिच्याभोवती एक फेरी मारून जागोजागी ठोकून बघायचा. टक् म्हणजे चांगलं लाकूड. थप् म्हणजे ओल. आताही त्याने फेरी मारली. टक्, टक्, टक्, टक्.

"खणखणीत आहे," तो म्हणाला. "मागच्याच आठवड्यात पास केलीय की मी. काय झालं?"

तिने विचारायचं ठरवलं होतं ते विचारलंच. "खरं सांगा, इतक्या जुन्या गाडीच्या पासिंगवर किती भरवसा ठेवायचा?"

नवऱ्याने डोळे मिटून घेतले. तपासनिसाला मात्र राग आला नाही.

"ताई, पासिंग म्हणजे त्या दिवसापुरतं, त्या तासापुरतं. जे दिसतं, जे वाजतं, जे हलतं ते मी तपासतो. तेवढ्याची सही करतो."

"आणि जे दिसत नाही?"

"त्याला माझ्या कागदावर रकाना नाही," तो हसून म्हणाला.

गाडी काट्यावर चढली. काटा म्हणजे जमिनीत बसवलेल्या चार लोखंडी पाट्या, प्रत्येक चाकाखाली एक. समोर भिंतीवर फलक, त्यावर लाल अक्षरांत चार चाकांचे चार आकडे आणि खाली बेरीज. नवरा उतरला. भिंगरी उतरली, आणि तिने बाबाचा हात धरला.

"सगळे खाली?" तपासनीस म्हणाला. मग छाती भरून, छपराला आदळेल अशा आवाजात, "रिकामीऽऽ?"

भिंगरीला ते इतकं आवडलं की तिनेही टाचा उंचावून ओरडून घेतलं. "रिकामीऽऽ?"

"थांबा," ती म्हणाली, आणि आत गेली. पायरी किंचाळली.

इंजिन बंद असताना ती या गाडीत एकटी कधी थांबलीच नव्हती. प्लायवूडचा, जुन्या फोमचा, कुणाच्यातरी साबणाचा वास. तिने ओट्याखालची कपाटं उघडली. बाकांचे पाट उचलून खालच्या पेट्या पाहिल्या. संडासाचं दार उघडलं, आरशात तिचाच घाबरट, उत्साही चेहरा. कपड्यांच्या कपाटात हात घालून मागची फळी चाचपली. 'कपाटही,' ती टपोरी सही म्हणाली होती. शेवटी वरचा बर्थ. पडद्याच्या कड्या सहज सरकल्या. गंजबिंज काही नव्हतं. गादी, तिच्यावर इस्त्रीसारखी ताणलेली चादर, पायथ्याशी घडी घातलेलं भिंगरीचं पांघरूण.

तिने घडीवर हात ठेवला. ऊबदार होतं. खिडकीतून ऊन येत होतं. ते घडीपर्यंत पोचत नव्हतं, पण येत होतं.

ती खाली उतरली, दारात उभी राहून शेवटचं आत पाहिलं, आणि मोठ्याने म्हणाली, "रिकामी."

फलकावर आकडे धावले, थांबले. २९९६.

६

"पुन्हा घ्या," ती म्हणाली.

पुन्हा घेतलं. २९९६. तपासनिसाने वीस किलोचं प्रमाणाचं वजन आणून पाटीच्या मोकळ्या कडेवर ठेवलं, आकडा वीसने वाढला. आणखी एक ठेवलं, चाळीस. तो स्वतः गाडीत चढला, त्याच्या वजनाएवढा आकडा वाढला. उतरला, तेवढाच उतरला. काटा देवमाणूस होता. खोटं बोलायचं त्याच्या अंगातच नव्हतं.

मग तो ओल मोजायचं यंत्र घेऊन आत गेला. एक पिन भिंतीत टोचायची, यंत्र टिकटिकतं. ती बाहेरून ऐकत होती. मागची भिंत, टिक. बाकाखाली, टिक. ओट्यामागे, टिक. मग बर्थच्या पायऱ्यांवर त्याचे बूट. मग बराच वेळ काहीच नाही.

तो बाहेर आला तेव्हा कानावरची पेन्सिल हातात होती.

"कोरडी ठणठणीत," तो म्हणाला. आता त्याचा आवाज छपरापर्यंत जात नव्हता. "चार-पाच किलो इकडेतिकडे मी सोडून देतो, ताई. सोळा नाही सोडता येत." त्याने कागद पुढे केला. "सही तुमची. करा, किंवा नका करू. तुमच्या आधी एक बाई यायच्या या गाडीबरोबर."

"माहीत आहे मला."

"त्यांनी शेवटी नाही केली."

नवरा मध्ये पडला. "अहो, म्हणजे काय? गाडी पास आहे की नापास? आम्हाला उद्या निघायचंय!"

तपासनीस त्याच्याकडे न बघता म्हणाला, "ब्रेक पास आहेत."

'गाडीत कोणी नाही.' तिने पेन घेतलं. तिने पाहिलं होतं, सगळीकडे पाहिलं होतं, डोळ्यांनी पाहिलेल्यावर सही करायला हरकत काय? ती शिकलेली बाई होती. आकडा चुकीचा असेल किंवा तिचं डोकं; दोन्हींपैकी काय दुरुस्त करणं सोपं, तेही तिला माहीत होतं. पेन कागदाला टेकलं. शाईचा ठिपका हळूहळू मोठा होऊ लागला.

"नाही," ती म्हणाली. तिने पेन ठेवलं, हातातली फाइल, औषधांची पिशवी, वही, सगळं बाकावर ठेवलं. "आपण नाही जात. गाडी परत द्यायची. आजच. सॉरी रे."

आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्याही शंकेशिवाय ती काही बोलली होती. तिने भिंगरीला जवळ ओढलं, तिचा हात आपल्या उजव्या हातात घेतला. रडारड होईल म्हणून तिने मन घट्ट केलं. पण भिंगरी रडली नाही. ती फलकाकडे बघत होती.

"आकडे पळतायत," भिंगरी म्हणाली.

पळत नव्हते. चालत होते. मागच्या दोन चाकांचे आकडे एकेक किलोने उतरत होते, पुढचे चढत होते. बेरीज तीच, २९९६. बर्थ पुढे होता. मग ते आधी मागे होतं का? ती मागच्या बाकाच्या पेट्या तपासत होती तेव्हा? आता आकडे थबकले. मग उजवीकडची चाकं हलकी होऊ लागली आणि डावीकडची जड. थोडंसं. थांबून. पुन्हा थोडंसं. लहान पावलांनी.

दार डावीकडे होतं. दार उघडं होतं. दारात कोणी नव्हतं.

तपासनिसाच्या हातातली पेन्सिल खाली पडली आणि घरंगळत गेली. ती उचलायला कोणी वाकलं नाही.

कुंईऽऽ, पायरी वाजली.

फलक एकदम लुकलुकला. चारही आकडे सरसर खाली आले आणि स्थिर झाले. २९८०.

"आली!" नवरा ओरडला. त्याने अक्षरशः उडी मारली. "बघ, बघ, आली! पाट्यांनाच काहीतरी अडकलं होतं! एकोणतीसशे ऐंशी! हो की नाही, साहेब?"

तपासनिसाने घाईघाईने आकडा उतरवून घेतला, शिक्का मारला, कागद सरकवला. त्याला ही गाडी आणि ही माणसं आपल्या छपराखालून बाहेर हवी होती, शक्य तितक्या लवकर. "झालं. बरोबर आहे. रिकामी आहे. घेऊन जा."

"उद्या पहाटे निघायचं!" नवरा म्हणाला. "आणि अख्ख्या घाटात 'हळू' नाही! शब्द दिलायस!"

ती लक्ष देऊन उभी होती. तिच्या उजव्या हातात भिंगरीचा हात होता, गरम, चिकट, खात्रीचा. डावा हात, जो सकाळपासून फाइल धरून होता, तो मोकळा खाली लोंबत होता, आणि त्या बाजूची हवा तिला थोडी जवळ वाटत होती.

भिंगरीने मान पुढे काढली आणि आईच्या पलीकडे पाहिलं. वर नाही, खाली नाही. सरळ, स्वतःच्याच उंचीवर. तिच्या चेहऱ्यावर सकाळचाच आनंद होता, नवी मैत्रीण सहलीला येणार असल्यासारखा.

"आई," ती म्हणाली, "गाडीतून उतरलं की आधी हात धरायचा ना? मग तुझा तो हात दे ना. रिकामाच आहे."